चार कुंड्या आणि एक दुरुस्ती

काका,

तुमच्या गच्चीवरच्या चार कुंड्या काकूंनी अजून हलवलेल्या नाहीत. चवळी वाळून गेली आहे. कुंड्यांवर तुम्ही खडूने घातलेले एक ते चार आकडे मात्र तसेच आहेत.

तेरावा झाला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला, त्याखाली ओळीने हात जोडलेले. कुणीतरी तुमची सगळी कारकीर्द टाकली: पदं, शोधनिबंध, किती विद्यार्थी घडवले. वाचून वाटलं, हे दुसरेच कोणी औरादकर असावेत. त्यातलं मी इथे काही लिहिणार नाही. मला पत्रकं लिहायची सवय आहे, आणि पत्रकात थोरवी गायला जागा नसते. शिवाय तुमचं माझं एक काम अर्धवट राहिलंय, आणि त्यात मी तुमच्याशी खोटं बोललेय. ते आधी निस्तरायचं आहे.

आपली ओळख भांडणाने झाली. अफझलगंजला वाचनालयाच्या पायऱ्यांवर मी आमच्या गटाची, रासायनिक कीटकनाशकांविरुद्धची पत्रकं वाटत होते. पुढे तेलुगू, मागे मराठी. मराठी बाजू आदिलाबादकडच्या गावांसाठी. लोक घेत होते, घडी करून खिशात घालत होते. तुम्ही मात्र तिथेच उभं राहून मागची बाजू वाचलीत, पूर्ण. मग खिशातून लाल पेन्सिल काढून एका ओळीखाली रेघ मारलीत आणि कागद मला परत दिलात. ओळ होती: ‘वनस्पतीपासून बनलेलं, म्हणून निर्धोक.’

“निर्धोक कुणाला?” तुम्ही विचारलंत.

मला राग आला. एक तर मी पुण्याहून आलेल्या आयटीवाल्या आईबापांची मुलगी, हैदराबादेत वाढलेली, मराठी वाचता वाचता धापा टाकणारी. ती ओळ लिहायला मला एक संध्याकाळ लागली होती. मी म्हटलं, कंपन्यांची विषं विकली जातात तेव्हा कुठे असते तुमची पेन्सिल? तुम्ही म्हणालात, “तिथंही चालते. पण ते मला कागद आणून देत नाहीत.” आणि मलकपेठचा पत्ता दिलात. पुढचं पत्रक छापायच्या आधी आणून दाखवा, म्हणालात. कार्यकर्तीबाई हे नावही त्याच दिवशी पडलं. अदिती म्हणून हाक मारलीत ती फक्त एकदाच, आणि ती कुठे, हे पुढे येईल.

मी आले ते तुम्हाला हरवायला. तुमच्या बैठकीत काचेच्या बरणीत लाकडाचे पिवळे तुकडे होते. दारुहळदीची मुळी. आयुष्यभर तुम्ही तिच्यातलं पिवळं द्रव्य वेगळं काढत होतात आणि त्यात फेरफार करत होतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी काकू म्हणत होत्या की यांच्या जुन्या शर्टांच्या बाह्या अजून धुण्याचं पाणी पिवळं करतात.

तुम्ही मला समजावलंत, फार सोपं करून, आणि मला ते सोपं करणंही आवडलं नव्हतं. मिरीचा तिखटपणा, कुनैनचा कडूपणा, कॉफीतली तरतरी, तंबाखूची नशा, दारुहळदीचा पिवळा रंग, ही सगळी एकाच मोठ्या कुळातली पोरं. अल्कलॉइडं. झाड ती आपल्यासाठी बनवत नाही. “त्याला पळता येत नाही,” तुम्ही म्हणालात, “म्हणून ते कडू होतं.” कोणी कीड मारतं, कोणी जंतू, कोणी गाय मारतं. रसायनवाला काय करतो, तर त्याच रेणूला एखाद्या जागी नवी शेपूट जोडतो. म्हणजे अनुजात. शेपूट बदलली की स्वभाव बदलतो. जो जंतूला जेमतेम हटकत होता तो आता त्याला मारतो. आणि कधी कधी ज्याला मारू नये त्यालाही मारतो.

मी म्हटलं, म्हणजे चांगलं झाड घ्यायचं आणि त्याचं विष करायचं.

तुम्ही म्हणालात, “झाड तुम्हाला चांगलं आहे असं कधी म्हणालं?”

काका, तुमची बाजू बरोबर असायची आणि तुमचा सूर चुकीचा. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. ज्या मोठ्या कीटकनाशकांविरुद्ध मी घोषणा देत होते, त्यांच्यातल्या एका अख्ख्या जातीची घडण तंबाखूतल्या निकोटिनच्या घडणीवर बेतलेली आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत. मला वाटलं, आपल्या हातात हत्यार आलं. तुम्हाला वाटलं, माझ्या हातातलं हत्यार काढून घेतलं. त्यावर आपण एक अख्खी दुपार भांडलो. काकूंनी दोनदा चहा ठेवला, आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

तरी मी येत राहिले. प्रत्येक पत्रकाची पहिली प्रत, शाई अंगाला लागेल अशी, आबिड्सच्या छापखान्यातून थेट मलकपेठला. तुम्ही चष्मा वर सरकवायचात, पेन्सिल काढायचात. मी तोवर काकूंनी दिलेले भाजलेले शेंगदाणे संपवायचे. मराठी मी तिथे शिकले, लाल रेघांखालून. हे आभार आहेत. पुन्हा लिहिणार नाही.

आता ती गोष्ट.

आमच्या गटाने परसबागवाल्यांसाठी आणि मूसी नदीच्या काठावर पालेभाजी पिकवणाऱ्या बायकांसाठी पत्रक काढलं. भाजीवर मावा ही बारीक कीड पडली की दुकानातलं विष आणू नका, घरीच फवारा करा. तंबाखूची पानं आणि देठ रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी हाताने चांगले कुस्करा, गाळा, थोडा साबण घाला, फवारा. हे मी लिहिलं. तुम्ही त्या आठवड्यात बिदरला भाचीच्या लग्नाला गेला होतात आणि मला छापायची घाई होती. तुम्हाला न दाखवता छापलेलं ते एकच पत्रक.

परत आल्यावर तुम्ही ते वाचलंत. या वेळी पेन्सिल काढली नाहीत, हे मला आठवतंय. कागद मांडीवर ठेवून विचारलंत की यातलं मावा कोण मारतं. मी म्हटलं, तंबाखू, अर्थात. तुम्ही म्हणालात, “आणि साबण काय, त्याला अंघोळ घालतो?”

मग त्या चार कुंड्या. चवळी लावली, मावा यायची वाट पाहिली. हैदराबादेत माव्याला आमंत्रण लागत नाही. एक नंबरला नुसतं पाणी. दोनला साबणाचं पाणी. तीनला तंबाखूचं. चारला दोन्ही. एक नंबरवर मी हसले होते. नुसतं पाणी मारून काय कळणार? तुम्ही म्हणालात, सगळ्यात जास्त तिच्यातूनच कळतं. तुमच्या प्रयोगशाळेतही म्हणे जंतू वाढवायची अशी एक ताटली नेहमी असायची, जिच्यात औषध सोडून सगळं. नवा विद्यार्थी आला की ती ठेवायला विसरायचा, आणि जो विसरायचा त्याचा महिन्याचा निकाल तुम्ही न वाचता परत करायचात. निर्दय होतात तुम्ही.

तंबाखूचं पाणी तुम्ही स्वतः केलंत, जाड रबरी हातमोजे घालून. काकूंना गच्चीवर यायला मनाई. मी म्हटलं, काका, शेतात कोण हातमोजे घालतं?

“हौ, म्हणूनच तर,” तुम्ही म्हणालात. “खाल्ली तर तोंडातून जाते, भिजवली तर हातातून. तंबाखूला दार कुठलं याचं काही नाही.”

मी ते ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं. माणसं ऐकत नाहीत म्हणून मी गावभर ओरडत फिरते, काका, आणि तुमच्या गच्चीवर मी तेच केलं.

चौथ्या दिवशी आपण भिंग घेऊन बसलो. एक नंबरवर मावा मजेत. तीनवर बहुतेक मेलेला. चारवरही. आणि दोन नंबरवर, नुसत्या साबणाच्या पाण्याने, तितकाच मेलेला. तंबाखू काम करत होती, पण तिच्याशिवायही तेच काम होत होतं. तुम्ही वहीत लिहिलंत. दोन नंबरचं एक पान कडेने करपलंय, हेही लिहिलंत. ते मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही. मी फक्त माझी हार पाहत होते.

मी म्हटलं, चार कुंड्यांवरून काय सिद्ध होतं? फार लहान प्रयोग आहे.

तुम्ही लगेच मान्य केलंत. “हौ, लहानच आहे. आणि तुमचं पत्रक किती कुंड्यांवर उभं आहे?”

शून्य. तुम्ही ते माझ्याकडून वदवून घेतलं नाहीत. आत गेलात आणि एका पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहून आणल्यात. ‘आमच्या पत्रकात तंबाखूचा फवारा सांगितला होता. तो करू नये. तंबाखूचं पाणी कातडीतून अंगात जातं; त्यात हात घालू नये. माव्याला साबणाचं सौम्य पाणी पुरतं. चूक आमची.’ हे छापा, म्हणालात, आणि जिथे जिथे पत्रक गेलं तिथे पाठवा.

मी चिठ्ठी पिशवीत ठेवली. पुढच्या आठवड्यात आमचा मोर्चा होता. विषाच्या दुकानांवर, जी थंड पेयाच्या जुन्या बाटलीत औषध सुटं विकतात. मी हिशेब केला की आता चूक कबूल केली तर ते लोक हसतील, म्हणतील, यांच्या घरच्या फवाऱ्यापेक्षा आमची बाटली बरी. मोर्चानंतर छापू. मोर्चा झाला. मग दुसरं काही आलं. चिठ्ठी पिशवीतच राहिली. लाज वाटायला हवी होती तिथे मला फक्त गैरसोय वाटत होती.

आता यादम्माचं सांगते, कारण तुम्हाला ते कळलंच नाही. यादम्मा मूसीच्या काठावर पालक आणि अंबाडी करते. तिला वाचता येत नाही. चिठ्ठी माझ्या पिशवीत पडून होती त्याच दिवसांत पत्रक तिला तिच्या सुनेने वाचून दाखवलं, आणि यादम्मा काम नीट करणारी बाई आहे. हाताने चांगले कुस्करा, म्हटल्यावर तिने कोपरापर्यंत हात घालून, बादलीभर तंबाखू, तासभर कुस्करली. मग भोवळ, ओकाऱ्या, छातीत धडधड. सून रिक्षात घालून तिला दवाखान्यात घेऊन गेली. दोन दिवसांनी घरी आली. वाचली. मला कळलं आठवड्याने, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

मी भेटायला गेले. ती बाजेवर बसून मेथी निवडत होती. चिडली नव्हती, तेच वाईट. मी काहीतरी सुरू केलं, अशी प्रतिक्रिया क्वचित होते वगैरे. ती म्हणाली, “तुमीच बोले ना अम्मा. हात से अच्छा मसलो बोलके.”

मी मेथीची जुडी उचलली आणि तिच्याबरोबर निवडत बसले.

तिथून मी तुमच्याकडे यायला निघाले. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, काकांना ताप भरला, दवाखान्यात नेलंय.

तुमचं तुम्हाला माहीत आहे, पण लिहिते. लघवीचा साधा संसर्ग रक्तात गेला आणि एकेक औषध त्याच्यावर चालेना. डॉक्टरांनी प्रयत्न केले. ज्या जातीच्या जंतूला तुम्ही आयुष्यभर ताटलीत मारत होतात त्यानेच तुम्हाला गाठलं. मला संताप आला, आणि माझा संताप नेहमी कुणाचं तरी नाव शोधतो. त्या दिवशी त्याला तुमचंच सापडलं.

कारण मला तुमची ती बंद फाइल आठवली. दारुहळदीच्या द्रव्याला शेपूट जोडून तुम्ही एक पिवळी पूड केली होती, जी औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंनाही ताटलीत थांबवत होती. मग तुम्ही ती निरोगी पेशींवर घातलीत आणि त्याही मेल्या. तुम्ही फाइल बंद केलीत. मी तुम्हाला तेव्हा भित्रे म्हटलं होतं, तुमच्याच घरात, तुमच्याच शेंगदाण्यांवर. पुढे कोणीतरी शेपूट बदलून पाहिली असती, तुम्ही जगाला सांगायला हवं होतं. त्यावर तुम्ही म्हणाला होतात की निबंध छापलाय, वाईट निकालासकट. मी म्हटलं, वाईट निकालाचा निबंध कोण वाचतं? तो वाद तिथेच राहिला. मला अजूनही वाटतं की तुम्ही आवाज करायला हवा होता, काका. तेवढ्या मुद्द्यावर मी हटणार नाही.

दवाखान्यात तुम्ही जागे होतात. मी वेड्यासारखं विचारलं, ती पूड घरी आहे का? तुम्ही हसलात, म्हणजे ओठ थोडे हलले.

“ताटलीत माणूस नसतो, कार्यकर्तीबाई.”

थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणालात, “अदिती, चिठ्ठी छापली का?”

पिशवी माझ्या खांद्याला होती. चिठ्ठी तिच्यातच होती. यादम्माचं तुम्हाला सांगायचं म्हणून तर मी आले होते.

मी म्हटलं, “हो काका. छापायला दिलीय.”

तुम्ही म्हणालात, “अच्छा.” एवढंच. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

यात दया होती असं मी स्वतःला सांगून पाहिलं. नव्हती. आजारी माणसाला त्रास नको म्हणून मी खोटं बोलले नाही. मला त्या क्षणी तुमच्या पेन्सिलीखाली यायचं नव्हतं, म्हणून बोलले.

तेराव्यानंतर काकूंकडे गेले आणि त्यांना हे सांगितलं. त्या तुमचे शर्ट घड्या करून पेटीत ठेवत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, “त्यांना कळलं होतं गं.”

कसं, मी विचारलं.

“तू कुठलं पत्रक छापून आणलंस आणि हातात न धरता आलीस, असं कधी झालंय का? तू गेल्यावर म्हणाले, पोरगी रिकाम्या हाताने आली होती. म्हणजे नाही छापलं.”

मी विचारलं, आणखी काय म्हणाले. काकूंनी एक बाही सरळ केली. म्हणाल्या, “म्हणाले, छापेल.”

काका, मला तुमचा विश्वास नको होता. रागावला असतात तर सोपं गेलं असतं. रागावर मला उत्तर देता येतं.

आबिड्सला गेले. तुमच्या चार ओळी जुळवल्या, पुढे तेलुगूत, मागे मराठीत. तुम्ही लिहिलं होतं, ‘चूक आमची.’ आमची कशी? तुम्ही गटात नव्हतात, पत्रक छापण्याआधी तुम्ही पाहिलंही नव्हतं. मी ते खोडून ‘चूक माझी’ केलं आणि खाली माझं नाव घातलं. तुमच्या अक्षरावर तेवढी एक रेघ मी मारली.

पण यादम्माला कागद वाचता येत नाही, आणि तिच्यासारख्या कितीतरी जणींना. ज्या चुका तोंडोतोंडी गेल्या त्या कागदाने कशा परत येणार? म्हणून मी काठाकाठाने फिरले. प्रत्येक मळ्यात चिठ्ठी दिली आणि उभं राहून माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं: तंबाखूचं पाणी मी सांगितलं होतं, ते चुकलं, हात घालू नका. पहिल्या मळ्यापासून यादम्मा स्वतः माझ्याबरोबर आली. मी अडखळले की ती पुढचं वाक्य पुरं करायची, आणि माझ्यापेक्षा चांगलं करायची. कोपरापर्यंत हात दाखवायची, मग ओकायचा अभिनय. बायका हसायच्या आणि लक्षात ठेवायच्या. तुम्हाला ही पद्धत पटली असती की नाही, माहीत नाही. एका म्हातारीने विचारलं, मग आधी कशाला सांगितलंस? मी म्हटलं, तपासलं नव्हतं. तिने मान हलवली आणि पुन्हा खुरपायला लागली.

मळे संपले ते काल. आज, उशिरा का होईना, छापलेल्या चिठ्ठीची पहिली प्रत घेऊन मलकपेठला आले. पहिलीच, गठ्ठ्यातली वरची मी बाजूला काढून ठेवली होती. काकूंनी शेंगदाणे ठेवले. मग न विचारता आत जाऊन तुमची लाल पेन्सिल आणून माझ्यासमोर ठेवली, आणि गच्चीची किल्लीही.

मी वर येऊन कुंड्यांपाशी बसले आणि तुमच्यासारखी वाचली, उभी नाही, पण पूर्ण. तुमच्या चार ओळी चोख होत्या. त्यांच्याखाली कागदाला जागा उरत होती म्हणून मी छापखान्यात उभ्या उभ्या एक पाचवी ओळ घातली होती. बायकांना धीर यावा म्हणून. ‘साबणाचं पाणी निर्धोक आहे.’

दोन नंबरच्या कुंडीतलं ते पान अजून देठाला आहे. सगळंच वाळलंय, पण त्याची कड आधीची करपलेली ओळखू येते. तुमच्या वहीत नोंद आहे. ते पाणी शेवटी मूसीत जातं, आणि तिथे कोणाला काय करतं, हे मी तपासलेलं नाही.

मी पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ मारली.

उरलेल्या पाचशे प्रती मी बरोबर आणल्यात, त्या खाली बैठकीत आहेत. वाटलेल्यांतल्या जेवढ्या परत मिळतील तेवढ्या उद्या आणीन, आणि मळ्यांत पुन्हा एक फेरी होईल. आत्ता काकू चष्मा लावून बसल्या आहेत, मी समोर. एकेक प्रत घेऊन पाचवी ओळ खोडतो आहोत. पेन्सिल एकच आहे, त्यामुळे वेळ लागतोय.